बोरगव्हाणची वाट

बसा फादर. त्या खुर्चीवर नोका बसू, तिचा एक पाय हालते.
तुमी नागपुराहून आले, टेप घेऊन, कागदं घेऊन,
आन् इचारता का अगाथाबाई,
फादर बेनुआनं काही चमत्कार केला का?

थांबा. चाय उतू जाईन.

शकुंतलेनं आला थो, मूर्तिजापुराहून.
डब्यात कोंबड्या, सरकीचे पोते, आन् थो.
माही माय सांगे, उतरला थे उलट्या बाजूनं,
रुयाच्या तिकडं, पऱ्हाटीत.
पायजामाभर बोंडं अडकले व्हते.

तुमच्या कागदात काय लिवलं त्याले?
आध्यात्मिक मार्गदर्शक.
मार्ग! अवं बाप्पा,
परतवाड्याच्या बाजारातून त्याले
मिशनचं फाटक सापडे ना.
सापन नदी डाव्या हाताले ठेवा म्हटलं
त थो हातच बदले.

रोज कोणाले तरी संग जा लागे.
कधी इठू लोहार, जो दारू उतरली का
कोणाच्या डोयाले डोया देत नसे.
कधी सुकली कोरकीण.
कधी तेलमोरे हेडमास्तर,
ज्यायचा देवावर काडीचा इस्वास नव्हता,
थे सायकल हातात धरून पाई चालत त्याच्यासंग.
बोलणारा बोले. थो गप.
एका कानानं बयरा, म्हणून मान कलती करे,
गाय कशी भिंतीआडची चाहूल घेते, तशी.
कबुलीच्या पेटीले वायवी लागली व्हती.
चांगल्या फळ्या काढून त्यानं
शायेच्या पोरायले बसाले देल्या.

उपदेश? नाही बा आठवत.
एकदा पुस्तकातल्या मराठीत म्हणे,
"अगाथा, तू आज भाजीत दोनदा मीठ टाकले.
एकदा हाताने."
येवढंच.

माह्या बहिणीशी, सुसान्नाशी, मी नऊ वर्स बोललो नाही.
कारण मायचे चांदीचे गोट.
इस्टरले थे मिस्साले येई,
त शांती द्यायच्या वेयी
मी खांबाले हात जोडून उभी.

एका शुक्रवारी म्हणे,
"मला बोरगव्हाणला जायचे आहे. वाट येत नाही."
चैताचं ऊन. मोहाचा आंबूस वास, पायाखाली सारा पाचोया.
नाल्यापर्यंत मी उगीमुगी चाललो.
मंग तोंड उघडलं त मिटलंच नाही:
गोट, गोटाचं वजन,
माय गेली थ्या राती कोण उशाशी व्हतं,
कोण झोपलं व्हतं.
मी झोपलो व्हतो, फादर.
थे मी त्याच दिवशी पयल्यांदा आयकलं,
माह्याच तोंडून.

बोरगव्हाणात थो ह्या गल्लीत शिरला, त्या गल्लीत शिरला,
आन् चुकत चुकत
सुसान्नाच्या आंगणात जाऊन उभा राह्यला.
"पाणी मिळेल काय?"
दोघींनी एकदमच गडवा धरला.
पाणी सांडलं निम्मं.

हे चमत्कारात बसत नाही, मालूम हाय मले.

आता थे मशीन बंद करा.

पटकीचं साल. आवसेची रात.
कंदील माह्या चुलीजवय खुंटीले टांगलेला,
आन् थो फाटकातून बाहेर.
मी मागं गेलो, म्हटलं, पडीन कुठं नदीत.
सापनेच्या गोट्यांवरून थो असा गेला,
जसं कोरक्याचं पोट्टं जाते,
पाय टेकायच्या आंधी दगड त्याले वयखत व्हता.
तीन वाटा फुटतात तिथं थबकला नाही.
सरळ घाटाखाली, सुकलीच्या झोपडीत,
जिथं तिचा घरधनी शेवटचा श्वास मोजत व्हता.
मी वडाखाली उभी.
मंग आपली घरी आली.

सकायी दमून परतला,
फाटकापुढं उभा राहून मले म्हणे,
"अगाथा, फाटक कोणते?"

मी हात धरून दाखवलं.
त्याच्यानंतर अठरा वर्स दाखवलं.

चाय थंडी झाली तुमची.
येस्टीचा स्टॅन्ड? फाटकातून निंघाले का
नदी डाव्या हाताले ठेवाची आन्
राहू द्या, तुमी चुकान.
चपला घालतो. संग येतो.